स्मृतीची गळती आणि रात्रपाळीची वही

संगणकाच्या स्मृतीला गळती लागते, हे वाक्य मी प्रथम ऐकले ते कोणा शास्त्रज्ञाच्या तोंडून नव्हे, तर महाप्याच्या एका कार्यालयात, खातेचौकशीच्या खोलीत. साल २०११, दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आरोपपत्र मिळालेला कामगार पंचविशीतला, घणसोलीचा, कंत्राटदाराकडून आलेला. आणि त्याचा प्रतिनिधी म्हणून शेजारी बसलो होतो मी. माझी उमेदीची वर्षे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रासायनिक कारखान्यांत गेलेली. गळती हा शब्द मला परका नव्हता. वाफेची गळती, आम्लाची गळती, वायूची गळती, ह्या सर्व मी पाहिल्या होत्या आणि त्यांतल्या एकीची खूण अजून उजव्या हातावर आहे. परंतु गळती म्हटली की खाली थारोळे दिसावे, निदान वास तरी यावा. येथे तर वातानुकूलित खोलीत एक पेटी गुरगुरत होती आणि फरशी कोरडी ठणठणीत. मी त्या मुलास हळूच विचारले, "गळते ते जाते कुठे?" तो म्हणाला, "साहेब, जात कुठेच नाही. आतच राहते."

त्या उत्तराचा अर्थ लागण्यास मला दोन महिने लागले. शिक्षण नववीपर्यंतचे, पुढचे सारे वाचनालयातले आणि माणसांना विचारून मिळवलेले. तेव्हा मी जे सांगणार आहे ते तज्ज्ञाचे विवेचन नव्हे. एका वकिलीच्या निमित्ताने शोधलेला हा इतिहास आहे. आपण नवी मुंबईकर ज्या पेट्यांच्या जिवावर पगार घेतो, वीजबिल भरतो आणि भाजीवाल्यास पैसे देतो, त्यांच्या पोटातला हा एक जुना आजार आहे, म्हणून तो आपणांस ठाऊक असावा.

आपल्या आगरी-कोळी गावांतून एक चाल होती, काही ठिकाणी अजून आहे. लग्नकार्यासाठी गावाची म्हणून सामायिक भांडी असत. पातेली, टोप, पराती, पाण्याची पिंपे. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने मोजून न्यावीत, वहीत नोंद करावी, कार्य उरकले की घासून परत आणावीत. आता असे समजा, की प्रत्येक कार्यात एक परात परत यावयाची राहते. कोणी चोरत नाही. परात फुटत नाही, गावाबाहेरही जात नाही. ती कोणाच्या तरी माळ्यावर पडून असते, आणि ती तेथे आहे हे न्यायचा त्यालाही आठवत नाही. पहिल्या दहा लग्नांत कोणाच्या लक्षात येत नाही. ऐन वैशाखात एके दिवशी पंगत बसते आणि भांडारात परात नाही.

संगणकाची स्मृती ही अशी सामायिक भांडी होत. प्रोग्रॅम काम करताना जागा मागून घेतो, काम झाले की ती परत करावयाची असते. परत करण्याचे राहिले आणि त्या जागेचा पत्ताही प्रोग्रॅमने टाकून दिला, म्हणजे ती जागा ना त्याच्या उपयोगाची, ना दुसऱ्याच्या. जागा यंत्रातच आहे, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट कोणापाशी नाही. त्या मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. गळती हा शब्द मला म्हणूनच पटत नाही. 'अडकण' म्हटले असते तर बरे झाले असते. पण रूढ झालेले शब्द संघटनेच्या ठरावाने बदलत नाहीत, हा अनुभव आहे.

आता हा आजार केव्हा जन्मास आला? संगणकाबरोबरच, असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु ते खरे नाही. मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली एक संगणक बांधला गेला. १९६० साली तो चालू झाला आणि १९६२ मध्ये त्याचे 'टिफ्रॅक' असे नाव ठेवण्यात आले. त्याची स्मृती होती प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २०४८ शब्द. म्हणजे बारीक तारांत ओवलेल्या सुमारे ८२ हजार चुंबकीय कड्या. आज आपल्या खिशातील फोनमधले एक छायाचित्र त्याच्या शेकडोपट जागा खाते. पण एवढ्याशा स्मृतीला गळतीचे भय फारसे नव्हते. कारण त्या काळच्या यंत्रावर एक गणित चढे, संपूर्ण यंत्र त्याच्या ताब्यात असे, गणित संपले की पाटी पुसली जाई. जो पाहुणा जेवून रात्रीच्या आत निघून जातो, त्याने परात कुठे ठेवली ह्याचा हिशेब कोण ठेवतो? हा आजार मुक्कामी पाहुण्याचा आहे. जो प्रोग्रॅम दिवसेंदिवस थांबतच नाही, त्याचा आहे.

जागा परत मिळवण्याचा प्रश्न मात्र विद्वानांना लवकरच पडला होता. अमेरिकेत जॉन मॅकार्थी ह्यांनी लिस्प ही भाषा रचली आणि १९६० साली एक युक्ती प्रसिद्ध केली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काही परत करू नये. जागा संपत आली की यंत्रानेच फेरी मारावी, ज्या ज्या जागेपर्यंत वाट जाते तिच्यावर खूण करावी आणि बिनखुणेची सारी जागा जमा करून घ्यावी. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स ह्यांनी दुसरी तऱ्हा मांडली : प्रत्येक भांड्यावर ते किती जण वापरत आहेत तो आकडा लिहावा, आकडा शून्य झाला की भांडे परत. ह्या दोन्ही तऱ्हा आजही निरनिराळ्या रूपांत चालू आहेत. परंतु फेरी मारणाऱ्यास वेळ लागतो. १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची ह्यांनी 'सी' भाषा तयार केली ती वेगासाठी आणि यंत्राच्या जवळ राहण्यासाठी, आणि तिच्यात नियम सरळ होता : ज्याने घेतले त्याने परत करावे. न केल्यास कोणी टोकणार नाही. जगातली पुष्कळशी मूलभूत यंत्रणा ह्याच भाषेत लिहिली गेली, आणि तिच्याबरोबर हा विश्वासाचा व्यवहारही सर्वत्र गेला.

येथे माझ्या स्वतःच्या क्षेत्राचा एक धागा जोडतो. संगणक आणि कामगार चळवळ ह्यांची ओळख भांडणातून झाली. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हणताच कर्मचारी संघटना विरोधात उभ्या राहिल्या. कलकत्त्यास इलॅको हाऊसपुढे कर्मचाऱ्यांनी दीर्घकाळ पहारा दिला. सरकारने १९६९ मध्ये स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर, अहवाल १९७२ साली आला. बँकांत ८ सप्टेंबर १९८३ रोजी करार झाला आणि यंत्रे कोठे व किती बसवावयाची ह्याच्या मर्यादा ठरल्या. ह्या सर्व वादात प्रश्न एकच विचारला गेला : यंत्र किती माणसांचे काम घेईल? यंत्र आजारी पडले तर त्याच्या उशाशी रात्रभर कोण बसेल, हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला सुचला नाही. मलाही नाही. त्या काळी बँक पाच वाजता बंद होत असे, आणि यंत्रही.

पुढे बंद होणेच बंद झाले. रिझर्व्ह बँकेची 'नेफ्ट' ही पैसे पाठवण्याची सोय २००५ साली सुरू झाली ती कामाच्या वेळेपुरती. १६ डिसेंबर २०१९ पासून ती अहोरात्र झाली. मोठ्या रकमांची 'आरटीजीएस' १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू लागली. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत जिचे उद्‍घाटन झाले ती 'यूपीआय' तर प्रथमपासूनच न झोपणारी. ऑगस्ट २०२५ ह्या एका महिन्यात तिच्यावर २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. दुकान रात्री बंद होत असेल तर झाडलोट सकाळी होते. जे दुकान कधीच बंद होत नाही, त्यात पडलेला कचरा कोण आणि केव्हा काढणार?

ह्याचे उत्तर न मिळाल्यास काय होते त्याचा धडा लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने घालून दिला आहे. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तेथे गाड्या पाठवण्याचे काम संगणकाकडे दिले गेले. पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला, गाड्या भलतीकडे गेल्या, दुसऱ्या दिवशी अर्धे काम पुन्हा माणसांच्या हाती आले. ती कहाणी निराळी. आपल्या विषयाची गोष्ट ४ नोव्हेंबरच्या रात्रीची. दोननंतर थोड्याच वेळात यंत्रणा मंदावली आणि मग साफ गोठली. बंद करून पुन्हा चालू केली, तरी सुधारेना. कर्मचाऱ्यांनी कागद-पेन्सिल काढली आणि ध्वनिमुद्रणे ऐकून निरोप उतरवून घेतले. चौकशीत कारण निघाले ते असे : सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रॅममध्ये छोटी दुरुस्ती करताना काही ओळी तशाच राहून गेल्या होत्या. प्रत्येक गाडी रवाना होताना मुख्य यंत्रातली जरा जागा घेतली जाई आणि परत केली जात नसे. तीन आठवड्यांत सारी जागा भरली. १९९३ च्या फेब्रुवारीतील अहवालात हे निष्काळजीपणाचे आणि देखरेखीच्या अभावाचे फळ म्हटले आहे. आणि पुढे प्रामाणिकपणे असेही म्हटले आहे की नेहमीच्या चाचण्यांत हा दोष बहुधा सापडलाही नसता. का सापडावा? चाचणी तासभर चालते, आजार तीन आठवड्यांचा.

तो अहवाल लिहिणाऱ्या तिघांपैकी एक जण औद्योगिक तंट्यांत समेट घडवणाऱ्या सरकारी संस्थेतला निवृत्त अधिकारी होता. मला हे वाचून मौज वाटली आणि समाधानही. यंत्राच्या चौकशीत तंटा मिटवणारा माणूस का हवा, हे अहवाल वाचल्यावर कळते. त्यात व्यवस्थापन आणि कर्मचारी ह्यांच्यातील अविश्वासावर बरेच लिहिले आहे. आणि हा दोष नवशिक्यांपुरताच असतो असे कोणी समजू नये. २२ ऑक्टोबर २०१२ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात मोठा बिघाड झाला. त्याच्या मुळाशी माहिती गोळा करणाऱ्या एका गौण प्रोग्रॅमची स्मृतिगळती होती, हे त्या कंपनीनेच जाहीर केले.

आता एक्सएमएलकडे येतो, कारण घणसोलीच्या त्या मुलाचा तंटा तेथेच अडकला होता.

तलाठ्याकडचा सातबारा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात रकाने छापलेले असतात म्हणून कोणता आकडा क्षेत्राचा आणि कोणता आकारणीचा हे कळते. तेच आकडे कोऱ्या कागदावर ओळीने लिहून कोल्हापूरहून पनवेलीस पाठवले तर वाचणारा गोंधळेल. ह्यावर उपाय म्हणजे प्रत्येक आकड्याच्या आगेमागे त्याचे नाव लिहून पाठवणे. कोनी कंसात 'क्षेत्र', मग आकडा, मग 'क्षेत्र समाप्त'. एक्सएमएल ती हीच पद्धत. तिचे पूर्वज १९६९ सालच्या आयबीएमच्या कामापर्यंत जातात, १९८६ मध्ये एक अवजड आंतरराष्ट्रीय मानक झाले, आणि त्याचे सुटसुटीत रूप म्हणून १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल जाहीर झाली. दोन अनोळखी यंत्रांना एकमेकांशी बोलता येऊ लागले. यूपीआयचे निरोप ह्याच लिपीत जातात. २०१३ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या नव्या आरटीजीएसचेही.

हा मजकूर वाचून त्याचा पदच्छेद करणारा जो प्रोग्रॅम, त्यास पार्सर म्हणतात. त्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत तो सारा मजकूर वाचून घराण्याच्या वंशावळीसारखे झाड स्मृतीत उभे करतो. हे सोयीचे, पण झाड मूळ मजकुराच्या कित्येक पट जागा घेते, आणि काम झाले की ते समूळ तोडावे लागते. दुसरीत तो पोथी वाचावी तसा पुढे पुढे जातो, मागचे सोडून देतो. हे काटकसरीचे, पण हवे ते तत्काळ टिपून घ्यावे लागते. पहिल्या काळातले पार्सर लिहिणारी माणसेही लक्षात ठेवण्याजोगी. एक्सपॅट नावाचा पार्सर जेम्स क्लार्क ह्या इंग्रज गृहस्थाने लिहून जगाला फुकट दिला. डॅनिएल व्हेयार ह्या फ्रेंच माणसाने लिबएक्सएमएल लिहिला. तोही फुकट, आणि तो आज असंख्य संगणकांत, दूरध्वनींत बसलेला आहे. २०२५ च्या जूनमध्ये ह्या पार्सरची त्या वेळी देखभाल करणाऱ्या कार्यकर्त्याने जाहीर केले, की सुरक्षेच्या तक्रारी गुप्त ठेवून मुदतीत सोडवण्याची खास व्यवस्था आपण यापुढे करणार नाही, कारण दर आठवड्याचे कित्येक तास त्यात जातात आणि हे काम बिनपगारी आहे. अब्जावधींच्या कंपन्या ज्या खांबावर उभ्या, तो खांब त्या वेळी एक माणूस फावल्या वेळात धरून होता! आमच्या भाषेत ह्याला वेठ म्हणतात. असो.

आता मर्मस्थान. पार्सरला प्रश्न विचारला की तो उत्तर दोन प्रकारे देऊ शकतो. एक, आपल्याच वहीतले पान दाखवतो : 'हे पहा, पण पान माझे आहे.' दोन, नक्कल करून हातात देतो : 'ही घ्या, आता तुमची, काम झाले की तुम्हीच जागा परत करा.' लिबएक्सएमएलमध्ये दोन्ही प्रकार आहेत. त्याच्या ओळीने वाचणाऱ्या भागात खुणेचे नाव विचारण्याचे दोन आदेश जवळजवळ सारख्याच नावाचे; ज्याच्या नावात 'कॉन्स्ट' ही अक्षरे आहेत तो पान दाखवतो, दुसरा नक्कल देतो. गुणधर्म विचारण्याचा आदेश मात्र नक्कलच देतो. हे सारे त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. पण पुस्तिका वाचावयास वेळ कोण देतो? दाखवलेले पान फाडून परत केले तर प्रोग्रॅम तत्काळ कोसळतो, म्हणून ती चूक लगेच सापडते. नक्कल परत केली नाही तर काहीच होत नाही. आज होत नाही, उद्याही होत नाही. प्रोग्रॅमर मंडळी ह्या साऱ्या जबाबदारीला 'मालकी' म्हणतात. हा शब्द ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. जगातले निम्मे तंटे ह्याच प्रश्नाचे : वस्तू कोणाच्या ताब्यात आहे आणि निस्तरण्याचे काम कोणाच्या गळ्यात आहे.

गळती शोधण्याची हत्यारे १९९० च्या दशकात आली. रीड हेस्टिंग्ज आणि बॉब जॉइस ह्यांचे 'प्युरिफाय' हे पहिल्या नावाजलेल्या हत्यारांपैकी. हेस्टिंग्ज म्हणजे ज्याने पुढे 'नेटफ्लिक्स' काढण्यात पुढाकार घेतला तोच. आपल्या घरची मुले रात्री जागतात त्यास तोही थोडा कारण आहे. पण ते हत्यार विकतचे. २००२ मध्ये ज्युलियन सिवर्ड ह्यांनी 'व्हॅलग्रिंड' फुकट उपलब्ध करून दिले. नॉर्स पुराणातील वीरांच्या स्वर्गाच्या महाद्वाराचे ते नाव. हे हत्यार प्रोग्रॅमला मोकळे धावू देत नाही, आपल्या हातावरून चालवते आणि घेतलेल्या व परत केलेल्या प्रत्येक जागेची नोंद ठेवते. म्हणून वेग दहा ते पन्नास पटींनी मंदावतो. चालत्या धंद्यावर ते लावता येत नाही, बाजूला वेगळे यंत्र मांडून प्रयोग करावा लागतो. शेवटी ते यादी देते : अमुक जागा निश्चित हरवली, अमुक परत झाली नाही पण तिचा पत्ता अजून कोणापाशी आहे.

त्याची एक मर्यादा मला फार बोधक वाटली. भांडे कोणी नेले, कोणत्या ओळीवर नेले, हे ते बिनचूक सांगते. परत कोणी करावयास हवे होते हे सांगत नाही. सांगू शकतच नाही. तो कराराचा प्रश्न आहे आणि करार वाचावयास माणूस लागतो.

आता महाप्याची हकीकत. ती कंपनी बँकांच्या वतीने खातेदारांस लघुसंदेश पाठवीत असे : तुमच्या खात्यातून इतके रुपये गेले, इतके आले. बँकेकडून निरोप एक्सएमएलमध्ये येई, प्रोग्रॅम तो वाची आणि दूरध्वनी कंपनीकडे ढकली. रोजचे सुमारे ४० लाख निरोप. हा प्रोग्रॅम बारा-तेरा दिवस गुण्यागोविंदाने चाले आणि मग पडे. वरिष्ठांनी उपाय काढला : दर रविवारी पहाटे तीन वाजता तो बंद करून पुन्हा चालू करावा. बंद केला की घेतलेली सारी जागा यंत्र आपोआप जमा करून घेते. गाव सोडून गेलेल्या बिऱ्हाडाचा माळा झाडावा तसे. त्या कामासाठी आणि रात्रभर पडद्यावर नजर ठेवण्यासाठी तीन कंत्राटी मुले नेमली. आजार तसाच ठेवून उशाशी माणसे बसवली. माणसे स्वस्त होती.

दिवाळीच्या आठवड्यात शुक्रवारी मध्यरात्री प्रोग्रॅम पडला. लाखो निरोप दोन तास तुंबले, बँकेने दंड लावला. आरोपपत्र निघाले : ह्या इसमाने रविवारी बंद-चालू केलेच नाही, वहीत खोटी नोंद केली. बारा दिवस टिकणारा प्रोग्रॅम सहाव्या दिवशी कसा पडेल? युक्तिवाद बिनतोड होता. मी वही मागितली.

दोनशे पानी साधी वही. ह्या मुलास कोणी सांगितले नव्हते, पण तारीख-वेळेबरोबर तो पडद्यावरचा निरोपांचा आकडाही उतरवून ठेवी. प्रोग्रॅम नव्याने चालू झाला की तो आकडा शून्यापासून सुरू होई. मी जुन्या पडण्याच्या नोंदी काढल्या. दिवस कधी बारा, कधी तेरा, एकदा अकरा; पण आकडा दर वेळी पाच कोटींच्या आसपास. दिवाळीच्या शुक्रवारचा आकडाही तोच. दिवस मोजणारे चुकले होते. यंत्र निरोप मोजत होते. सणाच्या खरेदीमुळे रोजचे निरोप ४० लाखांवरून सुमारे ८५ लाखांवर गेले होते, आणि ८५ लाखांनी पाच कोटी भरावयास सहा दिवस पुरेत.

व्यवस्थापन म्हणाले, वही त्याचीच, आकडे त्याचेच. मी अर्ज दिला की त्या आठवड्यात बँकांना पाठवलेली बिले चौकशीत हजर करावीत. बिल दर निरोपामागे लागते, तेव्हा रोजचा आकडा त्यात असणारच. कामगार खोटे लिहितो असे म्हणता येते, पण कंपनी आपल्या बिलात खोटे लिहिते असे कंपनीस म्हणता येत नाही. बिले आली. रविवार ते शुक्रवार बेरीज पाच कोटींस भिडत होती.

त्या बैठकीस कंपनीतर्फे एक तरुण अभियंता बाई माहिती देण्यास बसल्या होत्या. त्या माझ्या बाजूच्या नव्हत्या. पण आकडे पाहून त्यांनी कागद ओढला. प्रोग्रॅमला मिळू शकणारी जागा सुमारे ४०० कोटी बाइट. भागिले पाच कोटी निरोप. उत्तर आले ८०. "प्रत्येक निरोपामागे ८० बाइट," त्या म्हणाल्या, आणि उठून गेल्या. दोन दिवसांनी त्यांनी वेगळ्या यंत्रावर व्हॅलग्रिंड लावून १० हजार निरोप सोडले. यादीत ५० हजार नग हरवलेले, म्हणजे एका निरोपामागे पाच. निरोपातले पाच गुणधर्म वाचले जात : मोबाइल क्रमांक, बँकेची खूण, तारीख, भाषा, प्रकार. प्रत्येकाची नक्कल घेतलेली, एकही परत केलेली नाही. दहा अंकी क्रमांकाला खरे तर अकराच बाइट लागतात, पण त्या यंत्रावर वाटप सोळाच्या घडीने होई. पाच सोळे ऐंशी. ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. खुणेचे नाव त्याने पान दाखवणाऱ्या आदेशाने विचारले होते. गुणधर्मही तसेच मिळतात असे समजून तो पुढे गेला असावा. दुरुस्ती पाच ओळींची झाली.

आरोपपत्र मागे घेतले गेले. दिलगिरीचे पत्र आम्ही मागितले होते, ते मिळाले नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवा प्रोग्रॅम बसला, रविवारचे बंद-चालू थांबले, आणि महिनाअखेरीस कंत्राटदाराचे पत्र आले की रात्रपाळीच्या तीन जागांची आवश्यकता उरलेली नाही. हे मला आधी सुचावयास हवे होते. एका मुलाची नोकरी वाचवण्यासाठी मी जी गळती शोधण्यास भाग पाडले, तिच्यावरच तिघांची चूल पेटत होती. मी पुन्हा त्याच खोलीत जाऊन बसलो. दोघांना दिवसपाळीत घेतले. तिसऱ्याचे, म्हणजे वही ठेवणाऱ्याचे, कंत्राट जानेवारीअखेर संपू दिले गेले. चौकशीत उभा राहिलेला माणूस कोणास नको असतो. ते लढवण्यास कायद्यात जागा होती. पण त्यालाच पुन्हा तारखा नको होत्या.

तो आता उलव्यास मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. हा लेख लिहिताना त्याच्याकडून ती वही मागून आणली. डिसेंबरनंतरच्या पानांवर रोज रात्री एकच ओळ आहे, तारीख आणि आकडा. पाच कोटी झाले त्या रात्री आकड्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. शेवटची नोंद ३१ जानेवारीच्या पहाटेची. आकडा साडेएकवीस कोटींच्या थोडा खाली, आणि पुढे त्याच्या अक्षरात : 'चालू आहे.'